ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरचे रस्त्यावरचे फोटो: निगेटिव्ह पुसण्यापासून प्रिंट हातात येईपर्यंत

फिल्म नीट धुतलेली असते, फोटोही चांगला असतो, पण प्रिंट राखाडी, मळकट किंवा काळीठिक्कर येते. सांगली-मिरजेकडच्या मित्रांच्या प्रिंट पाहताना हे सारखं दिसतं, आणि दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा किंवा लॅबचा नसतो. कामाचा क्रम चुकलेला असतो. धूळ झटकायच्या आधी स्कॅन, टोन लावायच्या आधी शार्पनिंग, टेस्ट न काढता थेट मोठी प्रिंट. म्हणून इथे क्रमच लिहितोय.

उदाहरणाला एकच फोटो डोळ्यांसमोर ठेवू. मार्केट यार्डात दुपारच्या उन्हात गोदामातून पोतं घेऊन बाहेर येणारा हमाल. डोक्यावर पांढरी टोपी, तिच्यावर कडक ऊन. चेहरा पोत्याच्या सावलीत. मागे गोदामाचा अंधार, त्यात हळदीच्या पोत्यांची थप्पी. टोपी, चेहरा आणि थप्पी, तिन्ही प्रिंटमध्ये दिसली पाहिजेत. आपल्याकडच्या उन्हातले बहुतेक फोटो याच जातीचे असतात.

१. निगेटिव्ह स्कॅनला लायक करा

पाण्यापासून सुरुवात करू. बोअरचं पाणी जड असतं आणि नळाच्या पाण्यातही क्षार असतात. फिल्म तशीच वाळवली तर चमकत्या बाजूवर पांढरट थेंबांचे डाग राहतात आणि स्कॅनमध्ये आकाशावर किंवा भिंतीवर गोल ठिपके उठतात. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची करा आणि त्यात वेटिंग एजंट (पाणी थेंब न धरता ओघळून जावं म्हणून घालायचं द्रावण) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. जास्त घातलं तर त्याचाच थर बसतो. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, सीलबंद बाटलीच घ्या.

फिल्म बाथरूममध्ये वाळवा. आधी गरम पाणी सोडून थोडी वाफ होऊ द्या म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. खालच्या टोकाला वजनदार चिमटा लावा, दार बंद करा आणि पंखा अजिबात लावू नका. उन्हाळ्यात फिल्म लवकर वाळते, जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर लटकू द्या.

वाळलेली फिल्म सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापा. आवडती फ्रेम एकटी कापून ठेवायचा मोह आवरा. एकटा तुकडा कुठल्याच होल्डरमध्ये, म्हणजे स्कॅन करताना फिल्म धरणाऱ्या चौकटीत, सरळ बसत नाही. पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये घालून दोन-तीन दिवस जाड पुस्तकाखाली ठेवा. फिल्म इमल्शनच्या (चित्र धरणाऱ्या जिलेटिनच्या थराच्या) बाजूला वळते, आणि वळलेली फिल्म मधोमध फोकस झाली तर कडेला धूसर येते. साध्या पीव्हीसीच्या अल्बममध्ये निगेटिव्ह ठेवू नका, ते प्लॅस्टिक कालांतराने फिल्मला चिकटतं.

*सावधान:* जुन्या निगेटिव्हवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर पाणी लावू नका. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळून चित्रासकट निघून येतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मऊ कापडावर घेऊन, हलक्या हातानं पुसा.

२. सगळा रोल स्कॅन करू नका, आधी निवडा

छत्तीसच्या छत्तीस फ्रेम पूर्ण दर्जात स्कॅन करणारा माणूस दहाव्या फ्रेमला कंटाळतो, आणि नेमकी चांगली फ्रेम घाईत उरकली जाते. स्लीव्हचं पूर्ण पान लाइट पॅडवर (खालून उजेड देणाऱ्या सपाट पाटीवर) ठेवा, मोबाइलनं फोटो काढा, मोबाइलवरच तो उलटा करा म्हणजे काळ्याचा पांढरा होईल. ही तुमची काँटॅक्ट शीट. तिच्यावरून चार-पाच फ्रेम निवडा.

निवडलेल्या फ्रेम भिंगातून निगेटिव्हवरच पाहा. दोन गोष्टी तपासायच्या. चेहऱ्यावर फोकस आहे का, आणि निगेटिव्हच्या सर्वांत पारदर्शक भागात काही तपशील आहे का. आपल्या फोटोत गोदामाचा अंधार म्हणजे निगेटिव्हवरचा जवळजवळ कोरा भाग. तिथे पोत्यांच्या कडा पुसटशा दिसल्या तर त्या प्रिंटमध्ये आणता येतील. पूर्ण कोरं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तिथे पोती उभी करणार नाही, आणि ओढूनताणून उजळलेला अंधार फक्त राखाडी होतो. तो काळाच राहू द्या.

३. धूळ: जिथे सर्वांत जास्त वेळ वाचतो

स्कॅनच्या आधीची पाच मिनिटं नंतरचा तासभर वाचवतात. क्रम असा ठेवा:

- पंखा बंद करून थोडा वेळ जाऊ द्या.
- टेबल, लाइट पॅड आणि होल्डर ओलसर कापडानं पुसून कोरडे करा.
- पट्टी स्लीव्हमधून काढा, फक्त कडांना धरा.
- रबरी ब्लोअरनं दोन्ही बाजूंनी हवा मारा, पट्टी उभी धरून. आडवी धरली तर उडालेली धूळ पुन्हा तिच्यावरच बसते.
- हट्टी कण अँटिस्टॅटिक ब्रशनं एकाच दिशेनं काढा.

तोंडानं फुंकर मारू नका. थुंकीचा बारीक थेंब वाळला की तो धुळीपेक्षा वाईट. शर्टाच्या टोकानं किंवा रुमालानं तर पुसूच नका, तो ओरखडा कायमचा राहतो.

*सावधान:* स्कॅनरमधली इन्फ्रारेडवर चालणारी धूळ काढायची सोय ब्लॅक अँड व्हाइट फिल्मसाठी बंद ठेवा. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड किरण आरपार जातात आणि धुळीपाशी अडतात, त्यावरून स्कॅनर धूळ ओळखतो. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं, आणि चांदीही हे किरण अडवते. स्कॅनर चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतो, कडा वितळतात, चेहऱ्यावर चट्टे येतात. अपवाद इलफर्डच्या एक्सपी-२ सुपरसारख्या फिल्मचा. ती रंगीत फिल्मच्या रसायनात धुतली जाते आणि तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, तिथे ही सोय चालते.

४. मांडणी

घरी मॅक्रो लेन्स आणि डिजिटल कॅमेरा असेल तर वेगळा स्कॅनर घ्यायची गरज नाही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फ्रेम पूर्ण भरली तर ६००० × ४००० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० पीपीआयनं (इंचाला ३०० पिक्सेल) २० × १३ इंचांची प्रिंट. बहुतेकांना एवढी मोठी लागतही नाही.

कॅमेरा कॉपी स्टँडवर किंवा आडव्या दांड्याच्या ट्रायपॉडवर, तोंड थेट खाली. लाइट पॅडच्या वर सारख्या उंचीचे दोन ठोकळे ठेवून होल्डर साधारण ५ सेंटिमीटर उचला. फिल्म पॅडला टेकली तर पॅडवरचे ठिपके आणि कचरा फोटोत येतो. होल्डरभोवतीचा पॅडचा उघडा उजेड काळ्या कार्डपेपरनं झाका, नाहीतर तो लेन्समध्ये शिरून काळा रंग फिका करतो. खोलीतला दिवाही घालवा.

आता कॅमेरा फिल्मला समांतर आहे का ते पाहा. फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवून कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं पाहिजे. एका बाजूला सरकलेलं दिसलं तर कॅमेरा तिरका आहे. मोबाइलमधल्या लेव्हलपेक्षा ही युक्ती भरवशाची.

फिल्म सपाट करायला वरून साधी काच ठेवू नका. चमकती बाजू काचेला टेकली की पाण्यावरच्या तेलासारखी वलयं उमटतात. त्यासाठी अँटी-न्यूटन काच वेगळी मिळते, पण पुस्तकाखाली दाबलेल्या फिल्मला तिचीही फारशी गरज पडत नाही.

फिल्मची चमकती बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा म्हणजे चित्र सरळ येतं. मंद, किंचित उठावाची बाजू इमल्शनची. काहीजण ती वर ठेवून नंतर चित्र आडवं उलटवतात. तेही बरोबर, पण एकच पद्धत धरा, नाहीतर अर्धा रोल आरशातला होतो.

*तपासा:* सांगलीच्या हरभट रोडवरच्या फोटोत दुकानाची पाटी असते, ती वाचता आली की झालं. पाटी नसेल तर फिल्मच्या कडेचे आकडे आणि कंपनीचं नाव सरळ आहे का पाहा. तेही स्कॅनमध्ये नसेल तर गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालल्यात का, साडीचा पदर डाव्या खांद्यावर आहे का, हे पाहा. पदरावर एकट्यावर विसंबू नका, गुजराती पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावरून येतो.

५. एक्स्पोजर: इथे निम्मे स्कॅन बिघडतात

कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर. रॉ फाइल, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. शटर १/३० किंवा त्याहून हळू ठेवा. स्वस्त एलईडी पॅड लुकलुकतात आणि वेगवान शटरला चित्रात आडवे पट्टे येतात. फोकस स्क्रीनवर पूर्ण मोठं करून ग्रेनवर, म्हणजे फिल्मच्या दाण्यावर, धरा. चित्रातल्या वस्तूवर धरलेला फोकस फसवतो, कारण मूळ फोटोतच ती वस्तू थोडी धूसर असू शकते. फिल्मचा दाणा मात्र तीक्ष्ण असतोच.

आता एक्स्पोजर. होल्डरमध्ये दोन फ्रेममधली कोरी पट्टी थोडी दिसू द्या. निगेटिव्हवर तिच्याइतकं पारदर्शक काहीच नसतं. ती हिस्टोग्रामवर (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या आलेखावर) उजव्या टोकाच्या अगदी जवळ येईल पण टोकाला चिकटणार नाही, असं शटर ठरवा. एकदा ठरलं की पूर्ण रोलला तेच.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. निगेटिव्हवर हमालाची पांढरी टोपी सर्वांत काळी असते, म्हणून ती हिस्टोग्रामच्या डाव्या टोकाला पडते, जिथे कॅमेऱ्याचा नॉइज (चित्रातली खरखर) जास्त. कमी एक्स्पोजर दिलं की टोपीच्या घड्या त्या नॉइजमध्ये बुडतात आणि प्रिंटमध्ये टोपीच्या जागी नुसता पांढरा ठिपका उरतो. ऑटो एक्स्पोजर प्रत्येक फ्रेमला वेगळा उजेड देतं. गोदामाचा अंधार जास्त असलेली फ्रेम एक, उन्हातल्या रस्त्याची दुसरी, आणि नंतर दोन्ही सारख्या करताना तुमची दमछाक.

फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर असेल तर सेटिंग सोपी आहे: १६ बिट ग्रेस्केल, टिफ फाइल, २४०० किंवा ३२०० पीपीआय. ३२०० ला साधारण ४५०० × ३००० पिक्सेल मिळतात, म्हणजे १५ × १० इंच. खोक्यावर ६४०० लिहिलेलं असलं तरी घरगुती फ्लॅटबेड तेवढा तपशील खरोखर वाचत नाहीत, फाइल तेवढी फुगते. ऑटो टोन आणि शार्पनिंग बंद. काळ्या-पांढऱ्याची टोकं हिस्टोग्रामच्या थोडी बाहेर ठेवा.

*तपासा:* या टप्प्यावर स्कॅन फिका, निर्जीव, राखाडी दिसला पाहिजे. दिसायला जोरदार स्कॅन म्हणजे टोकं कापली गेलेला स्कॅन, आणि कापलेलं परत येत नाही.

६. उलटवणं आणि टोन

रॉ फाइल थेट लाइटरूम या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये कर्व्ह (छटा उजळ-गडद करायची रेघ) उलटा करून वापरली तर सगळे स्लायडर उलटे चालतात. सावली उजळायला जाल तर टोपी बदलते. आधी ग्रेस्केल करून, उलटवून, १६ बिट टिफ बनवा आणि पुढचं काम तिच्यावर करा.

क्रम मोडू नका:

१. काळा बिंदू. फ्रेमबाहेरची कोरी पट्टी आता काळी झाली आहे. ती जवळजवळ पूर्ण काळी होईल इथपर्यंतच या. गोदामाचा अंधार तिच्यापेक्षा किंचित उजळ राहिला पाहिजे.

२. पांढरा बिंदू. टोपीवर कर्सर नेऊन आकडा वाचा. ० ते २५५ च्या मोजपट्टीवर टोपीचा सर्वांत उजळ भाग २४० ते २४५ च्या आसपास ठेवा. त्याच्या पुढे गेलं की कागदावर घड्या नाहीशा होतात. स्टीलच्या भांड्यावरची चमक २५५ ला गेली तरी चालेल, तिथे तपशील नसतोच.

३. मधला कर्व्ह. तो चेहऱ्याकडे बघून लावायचा. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यांना प्रोग्रॅमचे तयार प्रीसेट फार गडद करतात किंवा उगाच गोरे करतात. उन्हातल्या हाताचा आणि सावलीतल्या चेहऱ्याचा फरक टिकेल इतपतच चेहरा उचला. दोन्ही सारखे केले की दुपार निघून जाते, आणि तो फोटो दुपारचाच आहे.

४. डाग काढणं. १०० टक्के मोठं करून, डावीकडून उजवीकडे, ओळीनं. पांढरे ठिपके म्हणजे स्कॅनच्या वेळची धूळ. ते फार असतील तर हाताने काढत बसू नका, पट्टी पुसून पुन्हा स्कॅन करा. काळे ठिपके फोटो काढताना फिल्मवर बसलेल्या धुळीचे, ते पुन्हा स्कॅन करून जाणार नाहीत. रेघांचंही असंच: पांढरी रेघ बहुधा चमकत्या बाजूचा ओरखडा, काळी रेघ इमल्शन खरवडल्याची.

५. ठरावीक जागी उजळ-गडद करणं, सर्वांत शेवटी आणि थोडंच.

नॉइज काढायची सोय वापरू नका. ती ग्रेनलाच नॉइज समजते आणि माणसांचे चेहरे मेणाचे करते. ४०० स्पीडच्या फिल्मला दाणा असणारच, त्याची लाज बाळगायचं कारण नाही.

७. स्क्रीन खरं बोलतोय का?

"स्क्रीनवर छान होतं, प्रिंट काळी आली" ही तक्रार ऐकली की मी आधी स्क्रीनचा ब्राइटनेस विचारतो. तो जवळजवळ नेहमी पूर्ण असतो. इतक्या झगझगीत स्क्रीनवर गडद फाइलही उजळ भासते. कॅलिब्रेटर असेल तर १०० ते १२० कँडेला ठेवा. नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खोलीच्या नेहमीच्या उजेडात कोरा कागद धरा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड बंद करा. हे टोन लावायच्या आधीच करायला हवं. कुणी केलं नसेल तर सहावा टप्पा पुन्हा एकदा पाहा.

८. माप, मग शार्पनिंग, मग टेस्ट

३५ मिलिमीटरची फ्रेम २४ × ३६, म्हणजे २:३. ती ४ × ६, ८ × १२ आणि १२ × १८ ला पूर्ण बसते. ८ × १० किंवा ए-४ ला बसत नाही, आणि लॅब न विचारता कडा कापते. रस्त्यावरच्या फोटोत कडेला अर्धवट आलेली सायकल, चालत्या माणसाचा पाय, हेच तर महत्त्वाचं असतं. वेगळ्या मापाचा कागद असेल तर स्वतःच पांढरी चौकट ठेवून फाइल त्या मापाची बनवा.

शार्पनिंग अंतिम मापावर, शेवटी, हलकं. मॅट कागदाला थोडं जास्त लागतं, ग्लॉसीला कमी.

आता टेस्ट. ८ × १२ च्या एका फाइलवर फोटोचा एकच उभा तुकडा पाच वेळा शेजारी शेजारी ठेवा, ज्यात टोपी, चेहरा आणि थप्पी तिन्ही येतील. मधला तुमच्या मते बरोबर, डावीकडचे दोन थोडे थोडे गडद, उजवीकडचे दोन थोडे थोडे उजळ. प्रत्येकाखाली क्रमांक टाका आणि ही एक शीट छापा. ती दिवसा खिडकीपाशी आणि रात्री ट्यूबखाली पाहा, आणि प्रिंट जिथे लागणार आहे तिथल्या उजेडात निवड करा. चढवलेल्या उजेडात निवडलेली प्रिंट दिवाणखान्याच्या भिंतीवर गडद दिसते. एका शीटचा हा खर्च टाळणारे नंतर तीन मोठ्या प्रिंट वाया घालवतात.

९. छापणं

*कलर लॅबमध्ये.* लॅबचा कागद रंगीत फोटोचा असतो, त्यामुळे राखाडी छटा हिरवट किंवा जांभळट होण्याचा धोका कायम. फाइल एसआरजीबी, ८ बिट, जेपेग, ३०० पीपीआय अशी द्या. काउंटरवर स्पष्ट सांगा: "करेक्शन करू नका, आहे तशी छापा." ऑपरेटर सवयीनं उजेड आणि काँट्रास्ट वाढवतो, लग्नाच्या फोटोंना ते चालतं. टेस्ट शीटवर छटा दिसली तर ती दाखवा, ऑपरेटरला मशीनवर छटा कमी करता येते. मात्र मोठी प्रिंट त्याच दिवशी, त्याच कागदावर काढून घ्या.

*पिगमेंट इंकजेटवर.* ब्लॅक अँड व्हाइटसाठी मला हाच मार्ग पसंत आहे. ज्यात काळ्याबरोबर राखाडी शाईच्या कार्ट्रिज आहेत असा प्रिंटर निवडा आणि प्रिंटरचा स्वतःचा ब्लॅक अँड व्हाइट मोड वापरा. मॅट कागदाला मॅट ब्लॅक, ग्लॉसीला फोटो ब्लॅक. हे उलटं झालं की काळा रंग राखेसारखा दिसतो. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा आणि छापण्याआधी नोझल चेक काढा. पावसाळ्यात कागदाचं पाकीट उघडं ठेवू नका, ओल धरलेल्या कागदाच्या कडा उठतात आणि हेड घासतं. प्रिंट एक दिवस उघडी वाळू द्या, मगच फ्रेममध्ये घाला.

*एन्लार्जर असेल तर* (निगेटिव्हवरून थेट कागदावर मोठा फोटो पाडणारं यंत्र) स्कॅनची गरजच नाही, पण टेस्टचा नियम तोच: ग्रेड २ च्या फिल्टरनं सुरुवात (ग्रेड म्हणजे काँट्रास्टची पायरी), पाच-पाच सेकंदांच्या पट्ट्या, आधी टोपीसाठी वेळ ठरवा, मग काळ्यासाठी ग्रेड बदला. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी फार गरम असतं. डेव्हलपरचा ट्रे मोठ्या परातीत ठेवून भोवती गार पाणी घाला आणि तापमान २० अंशांच्या आसपास धरा.

१०. काम झाल्यावर निगेटिव्ह परत जागेवर

पट्टी लगेच स्लीव्हमध्ये. स्लीव्हवर रोल क्रमांक, महिना, ठिकाण लिहा, आणि फाइलच्या नावात तोच रोल आणि फ्रेम क्रमांक टाका. मूळ स्कॅनची टिफ दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

निगेटिव्हची फाइल ओल येणाऱ्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको. सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात ते अधूनमधून वाळवून पुन्हा वापरा. कृष्णेच्या काठावर राहणाऱ्यांनी फाइल वरच्या मजल्यावरच ठेवावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे वेगळं समजावायला नको.

निगेटिव्ह पुराच्या पाण्यात भिजल्याच तर उन्हात वाळत घालू नका. स्लीव्हसकट वाळल्या की इमल्शन प्लॅस्टिकला चिकटतं आणि ओढताना चित्र फाटतं. त्या स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, आणि शक्य तितक्या लवकर, दोन दिवसांच्या आत, पाण्याखालीच एकेक पट्टी हळू सोडवा. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची, वेटिंग एजंटसह. मग बाथरूममध्ये लटकवून वाळवा, नव्या स्लीव्हमध्ये घाला आणि सर्वांत आधी त्याच पट्ट्या स्कॅन करा.